माळाला पडीक म्हणू नका : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पहाटे मी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर होतो. आपल्या खात्याने 2024 मध्ये इथे आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, गावातल्याच पोरांना गाईड म्हणून तयार केलं, हे फार चांगलं काम झालं. आमचा गाईड विशीतला. त्याने मध्येच गाडी थांबवली, खाली उतरला आणि चाकापासून हातभर अंतरावर बोट दाखवलं. मला आधी नुसते खडे दिसले. मग खड्यांतली चार अंडी दिसली, खड्यांच्याच रंगाची, निमुळती टोकं आत केलेली. माळटिटवीची. घरटं म्हणावं तर काडी नाही की पान नाही, उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, बस. मादी दहा पावलांवर उभी राहून ओरडत होती. आम्ही गाडी मागे घेतली.

तासाभराने एक खाजगी गाडी वाट सोडून चिंकारा हरणांमागे सुटलेली पाहिली. गाडीत बसलेल्यांना माळ रिकामाच वाटला असणार.

दुपारी उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला गेलो. उजनीचं पाणी या दिवसांत ओसरतं, गाळ उघडा पडतो आणि घोटाभर पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी करून चरत असतात. नावाड्याने लांबच इंजिन बंद केलं. नाव जवळ नेली तर पक्षी उडतात आणि उद्याचं गिऱ्हाईकही उडतं, हे त्याला कोणी शिकवावं लागलेलं नाही. त्या पाणथळीला कोणी पडीक म्हणत नाही. उजनी धरण 1980 सालचं. ही पाणथळ माणसाने केलेली, आमच्या डोळ्यांदेखतची. माळ मात्र धरणाच्या कितीतरी आधीपासून आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, त्यावर जगणारी चिंकारं, खोकड, तरस, धनगरांच्या कळपांमागून फिरणारा लांडगा, हे सगळं असूनही सरकारी कागदावर त्याची जात 'पडीक'.

हा शब्द नुसता शब्द राहत नाही, साहेब. तो वाचून पाणी अडवायला समतल चर खणले जातात, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची रोपं लावली जातात. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी वृक्ष लागवडीचं लक्ष्य घेतलं होतं. झाडांना माझा विरोध नाही. माझ्याच बांधावर कडुनिंब आहेत. पण माळावर झाडं लावणं म्हणजे तळं बुजवून बाग करण्यासारखं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला दूरवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं, मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

माझी विनंती एवढीच, की वनखात्याच्या ताब्यातल्या माळांची 'गवताळ परिसंस्था' अशी स्वतंत्र नोंद करा आणि त्या जमिनी वृक्षलागवडीच्या उद्दिष्टातून वगळा. मेंढपाळांना माळाबाहेर काढून हे करू नका. त्यांना विचारून चराईचे महिने ठरवा. आणि सफारीची गाडी आखलेल्या वाटेवरूनच जाईल, बाहेरच्या गाडीला माळावर मज्जाव असेल, एवढं बघा.

वनमहोत्सव 1 जुलैला सुरू होतो, पण खड्डे मे महिन्यातच काढतात. टिटवीची अंडी तेव्हाही माळावर असतात. म्हणून हे पत्र आत्ता लिहिलं.

आपला नम्र,
बारामती तालुक्यातला एक शेतकरी