घड्याळ उलटे वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शरद सरत असताना नौकेने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे उतरण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मोकळी बंदरे, ओसरलेली गर्दी, धुऊन निघाल्यासारखी हवा हे सगळे खरे आहे आणि सामानाची यादीही ठीक आहे. खटकला तो एकच सल्ला: सकाळी निवांत निघावे आणि दिवसभरात जमेल तेवढे अंतर कापावे. हा जूनचा सल्ला आहे. नोव्हेंबरात तो पाळणारा माणूस अनोळखी खाडीच्या तोंडाशी काळोखात येऊन उभा राहतो.

उत्तर गोलार्धात ५० अंश अक्षांशावर जूनअखेर सूर्य सोळा तासांहून जास्त वर असतो. २० नोव्हेंबरच्या सुमारास तोच जेमतेम पावणेनऊ तास असतो, ४० अंशांवर गेले तरी पावणेदहा. म्हणून या मोसमात हिशेब मुक्कामाकडून मागे मांडत यावे. सूर्यास्ताच्या दीड तास आधी मुक्कामाच्या तोंडाशी पोहोचायचे, हे पहिले ठरवायचे. सकाळी उजाडल्यावर नांगर उचलून मोकळ्या पाण्यात येईपर्यंत अर्धा तास जातोच. पावणेनऊ तासांतून हे दोन तास वजा केले की पावणेसात उरतात. पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी चालणाऱ्या नऊ-दहा मीटरच्या नौकेला तेवढ्यात ३३-३४ सागरी मैल मिळतात, तेही वारा अनुकूल असला तर. वारा नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर आला आणि शिडाने आडवेतिडवे जावे लागले, तर नकाशावर पुढे सरकण्याचा वेग तीन-साडेतीन नॉटवर येतो आणि वीस-बावीस मैलांवर समाधान मानावे लागते. उन्हाळ्यात पन्नास मैलांचा टप्पा सहज मारणाऱ्यांना हा आकडा अपमानास्पद वाटतो. वाटू द्यावा.

राखून ठेवलेला तो दीड तास आरामासाठी नाही. इंजिनाचा एक फिल्टर बदलायला, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेली दोरी कापायला किंवा समोरून आलेल्या प्रवाहाची भरपाई करायला साधारण तेवढाच वेळ लागतो. जूनमध्ये असा खोळंबा संध्याकाळच्या चहाआधी विसरला जातो. नोव्हेंबरात त्याच खोळंब्यानंतर वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांचे रंग दिसेनासे झालेले असतात.

दुसरे घड्याळ भरती-ओहोटीचे. ते रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि लहान दिवसात हे सरकणे फार महागात पडते. समजा, एखाद्या भूशिराजवळ आपल्या बाजूचा प्रवाह पहाटे तीनला सुरू होऊन नऊला संपतो. पुढचा अनुकूल प्रवाह दुपारी साडेतीनला. उजेड साडेसात ते सव्वाचार. म्हणजे दिवसाचा सगळा कामाचा भाग प्रवाहाच्या विरुद्ध. त्या दिवशी आणि बहुधा पुढचे दोन दिवस तिथून जाऊच नये. चार दिवसांनी तोच प्रवाह सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी बारापर्यंत साथ देतो. एक गोष्ट नियोजनात फार उपयोगी पडते: एखाद्या ठिकाणी उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या) भरतीची घड्याळातली वेळ वर्षभर जवळजवळ तीच राहते. त्यामुळे एखादे भूशीर उजेडात उधाणाला ओलांडता येते की भांगाला (मधल्या दिवसांतल्या लहान भरतीला), हे घरी बसून, महिनाभर आधी कळू शकते.

वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, हे सर्वांना ठाऊक असते. तरी फसगत होते ती वेळेत. वाऱ्याबरोबर पळणाऱ्या प्रवाहात सकाळी समुद्र शांत वाटतो. प्रवाह फिरला की वारा तेवढाच असूनही तासाभरात पाणी उकळू लागते. खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा असेल तर तो चढत्या भरतीत, शक्यतो शेवटच्या दोन तासांत ओलांडावा. ओहोटीचे बाहेर येणारे पाणी आणि आत येणारा लाटोळा यांची गाठ पडली की लाटा दांड्यावरच फुटतात. समुद्राकडून पाहताना लाटांची फक्त पाठ दिसते, फुटणारा फेस दिसत नाही, म्हणून बाहेरून तो दांडा गुळगुळीत भासतो.

हवामानाचा अंदाज वाचताना दोन आकडे जपून घ्यावेत. लाटांची जी उंची दिलेली असते, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट त्याच्या दुप्पट येऊ शकते. वाऱ्याचा वेगही सरासरीच असतो, झोत त्याहून बरेच जोरात येतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५ नॉटचा वारा २१ नॉटचा झाला तर शिडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. थंड हवा अधिक जड असल्याने त्यात आणखी थोडी भर पडते. म्हणून उन्हाळ्यात ज्या वाऱ्याला पहिला रीफ घ्यायचा, म्हणजे शीड आखडून लहान करायचे, त्याच्या आधीच या दिवसांत घ्यावा. बॅरोमीटर दर तासाला लिहून ठेवावा. तीन तासांत चार हेक्टोपास्कलची घसरण दिसली तर अंदाजात काहीही छापलेले असो, जवळच्या आडोशाचा विचार सुरू करावा. आडोसा निवडतानाही सध्याचा वारा बघू नये; हवेची आघाडी सरकून गेल्यावर वारा जिकडून येणार तिकडून ती जागा झाकलेली आहे का, ते पाहावे.

दक्षिणेकडे जाताना सूर्य दिवसभर नाळेच्या आसपास राहतो, याचा उल्लेख लेखात नव्हता. ४५ अंश अक्षांशावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही तो क्षितिजापासून २५ अंशांच्या फारसा वर चढत नाही. पुढचे सगळे पाणी चकाकते आणि मासेमारीच्या सापळ्यांचे काळपट बोये पंख्याखाली येईपर्यंत दिसत नाहीत. सुकाणूवरच्या माणसाला काळा चष्मा पुरत नाही. दुसरा माणूस पुढे उभा करावा, नाहीतर सापळ्यांचा पट्टा टाळून वीस-तीस मीटर खोलीच्या बाहेरून जावे.

आता डिझेल. या मोसमात जी इंजिने बंद पडतात, त्यांतली बरीचशी इंधनातल्या पाण्याने आणि गाळाने पडतात. डेकवरच्या भरणतोंडाच्या झाकणातले रबरी कडे उन्हाळाभर कडक झालेले असते, शरदातला पाऊस तिथून टाकीत झिरपतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत आतल्या भिंतींवर दमट हवेचे थेंबही जमतात. पाणी जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळी साय धरते. सपाट पाण्यात हे सगळे तळाशी गुमान पडून असते. पहिल्याच उभ्या लाटांत ते ढवळते आणि फिल्टरमध्ये येऊन बसते, म्हणजे नेमके भूशिराशी किंवा दांड्यावर.

लक्षण ओळखता येते. वेगाची दांडी न हलवता इंजिनाचे फेरे आपोआप उतरतात, वेग कमी केला की सावरतात, पुन्हा वाढवला की परत बसतात. अशा वेळी जोर देत राहू नये. मोकळ्या पाण्यात जाऊन फिल्टर बदलावा. रोज सकाळी पहिल्या फिल्टरच्या काचेच्या वाटीमागे टॉर्च धरून पाहावे. तळाशी मण्यासारखे थेंब किंवा सरळ आडवी रेघ दिसली तर ते पाणी. खालचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते बरणीत काढावे.

फिल्टर बदलताना टाकीचा कॉक बंद करावा, आणि जुने रबरी कडे वर चिकटून राहिलेले नाही ना, ते बोटाने चाचपावे. दोन कडी एकावर एक बसली की फिल्टर घट्ट वाटतो, पण हवा ओढतो. मग कॉक उघडून इंजिनावरच्या फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाची छोटी दांडी हलवत राहायची. फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. तेव्हाच स्क्रू आवळायचा. दांडी ढिली लागून पंप काहीच ओढत नसेल तर पंप चालवणारा इंजिनातला उंचवटा (कॅम) नेमका वर थांबलेला असतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवले की दांडीला जोर येतो. यानंतर बहुतेक लोक एक चूक करतात: इंजिन धरेपर्यंत स्टार्टर मारत राहतात. प्रत्येक वेळी थंड करणारे समुद्राचे पाणी धुराड्याच्या मफलरमध्ये साठत जाते. ते बाहेर ढकलायला धूर नसतो, आणि भरलेले पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून लांबलचक स्टार्टर मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करावा आणि इंजिन धरताक्षणी उघडावा. त्या कॉकवर इंजिनाची चावी टांगून ठेवण्याची सवय चांगली.

तोच कॉक शरदात आणखी एका कारणाने त्रास देतो. पावसाने नद्या पालापाचोळा खाली आणतात आणि तो पाण्याच्या गाळणीत बसतो. नदीमुखाजवळ रात्र काढल्यावर निघण्यापूर्वी गाळणी उघडून साफ करावी, आणि निघाल्यावर धुराड्यातून पाणी पूर्वीइतकेच पडते का, ते बघावे. पाणी कमी आणि वाफ जास्त दिसली तर इम्पेलरची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातल्या चाकाची, रबरी पाती तुटलेली असू शकतात. नवा बसवताना तुटलेले तुकडे मोजावेत. जेवढे सापडत नाहीत, ते पुढे उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांत अडकलेले असतात.

बॅटरीचा विषय थोडक्यात: लेड-ॲसिड बॅटरी शून्य अंशाजवळ आपल्या क्षमतेच्या साधारण ऐंशी टक्केच देते, सौर पॅनेल जवळजवळ सुट्टीवर असते आणि रात्र पंधरा तासांची होते. विश्रांतीत १२.२ व्होल्ट दिसले की बॅटरी निम्मी रिकामी आहे, असे समजून इंजिनाने भरावी.

पंधरा तासांच्या रात्रीत प्रवाह किमान दोनदा फिरतो, त्यामुळे नांगराची साखळी संध्याकाळच्या खोलीवर मोजू नये. खोली ४ मीटर, पुढची भरती ३ मीटर, नाळेची उंची १ मीटर, असे ८ मीटर धरून पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी सोडावी.

थंडीमुळे केबिन घट्ट बंद करून गॅसचा चुलाणा उबेसाठी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ हवा.

पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, ते ओळीने सांगता येते. थंड पाण्यात पहिला एक मिनिट श्वास ताब्यात ठेवण्यात जातो, नंतरची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडतात आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. म्हणजे बहुतेक जण गारठ्याने मरण्याच्या आधीच बुडतात. लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच हा तास मिळतो. बाकाखालचे जॅकेट फक्त तपासणीच्या कामाचे. १५० न्यूटनच्या जॅकेटातील, ते फुगवणारा ३३ ग्रॅम वायूचा सिलिंडर कंपनाने आपोआप सैल होतो, तो महिन्यातून एकदा हाताने आवळावा आणि त्यावर कोरलेल्या वजनाशी काट्यावर ताडून पाहावा. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावलेला नसेल तर फुगलेले जॅकेट डोक्यावरून वर सरकते.

सकाळच्या धुक्याबद्दल एवढेच: ते जमिनीवर तयार होऊन खाडीतून खाली उतरते आणि या दिवसांत दहा-अकरापर्यंत हटत नाही. उजाडताक्षणी निघायचे म्हणून त्यात घुसू नये; गेलेले दोन तास टप्प्यातून वजा करून जवळचा मुक्काम निवडावा. आत सापडलातच तर इंजिनावर चालताना जास्तीत जास्त दोन मिनिटांनी एक लांब भोंगा, शिडावर असाल तर एक लांब आणि दोन आखूड, ‘लांब’ म्हणजे चार ते सहा सेकंदांचा.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यातल्या प्रत्येक टप्प्यापुढे मैलांच्या जोडीने तीन रकाने छापावेत, ही विनंती: त्या तारखेचा सूर्यास्त, मुखाशी भरतीची वेळ आणि वाटेतले माघारीचे बंदर. तिसरा रकाना रिकामा राहत असेल, तर तो टप्पा या मोसमासाठी छापू नये.

आपला,
एक वाचक