सलाईन गेलं कुठे?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "हातातून चढवलेलं पाणी ह्यांच्या पायात कसं गं उतरलं?" ड्यूटीवर निघायच्या घाईत मी "होतं असं" म्हणून फोन ठेवला. प्रश्न मात्र अगदी नेमका होता.

सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, लिटरला 9 ग्रॅम मीठ. शिरेत सोडलं म्हणून ते शिरेतच राहत नाही. केशवाहिन्यांच्या भिंतीतून मीठ-पाणी सहज झिरपतं. तासाभरात जेमतेम पाव हिस्सा रक्तात उरतो, बाकीचं पेशींच्या अवतीभवतीच्या फटींत जातं. पेशीच्या आत त्याला थारा नाही, कारण आत आलेलं सोडियम पेशी लगेच बाहेर ढकलते आणि पाणी मिठाच्या मागे राहतं. बाबांना अर्ध्या लिटरच्या 6 बाटल्या लागल्या. म्हणजे पाऊण लिटर रक्तात, सव्वादोन लिटर फटींत! जुलाबांनी ते पार सुकले होते, त्यामुळे पहिल्या काही बाटल्या कारणी लागल्या. शेवटच्या दोन नसत्या दिल्या तरी चाललं असतं, असं मला वाटतं. या वयात मूत्रपिंडं एवढं मीठ सावकाश बाहेर टाकतात, आणि दिवसभर पाय खाली सोडून बसलं की फटींतलं पाणी घोट्याशी साचतं. आई, त्यांच्या नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धर. खळगा पडून तसाच राहिला, तर तेच ते सलाईन.

आणि बाबा, तुमची ती लाडकी "ताकदीची" ग्लुकोजची बाटली! अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर, पाचेक चमचे. ती साखर पेशी वापरून टाकतात, मागे उरतं नुसतं पाणी, आणि त्याला पेशीचंही दार उघडं असतं. लिटरभर चढवलं तर रक्तात 80-90 मिलिलिटर टिकतं. रक्तदाब कोसळलेल्या पेशंटला आम्ही ती लावत नाही, ते याचसाठी. अशक्तपणा वाटला की दवाखान्यात जाऊन ती मागायची नाही, हे आता कबूल करा.

झोपताना पायाखाली उशी घ्या. रोज सकाळी चहाआधी वजन करून आईला लिहून ठेवायला सांगा. आडवं झाल्यावर दम लागला, तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा मोजे काढून पाय दाखवा.

तुमची,
लेक