शुक्रवार पेठेतून, इतिहास मंडळातल्या सर्वांना

काका, ताई आणि मंडळातल्या पोरापोरींनो,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं आणि सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक चिखलात बुडाली. पाणी ओसरल्यावर आतले कागद म्हणजे नुसता लगदा वाटत होता. "वहिनी, टाकून द्या आता," जो तो हेच म्हणत होता. निरोप मिळाला तशी तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. तुमच्यातल्या दोघांची स्वतःची घरं तेव्हा चिखलानं भरलेली होती.

काकांनी जिन्यातूनच हाक दिली, "आधी उन्हातनं काढा ते!" मग तुम्ही सगळे कागद मंडळाच्या खोलीत नेले. चिकटलेले थर न ओढता अलगद सोडवायचे, मध्ये टीपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा आणि पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत सुकू द्यायचं. जुनी काजळाची शाई पाण्याला सहसा दाद देत नाही, हे तेव्हा कळलं. अलीकडच्या पावत्या धुऊन गेल्या होत्या, जुन्या मोडी लिपीतली अक्षरं मात्र जागच्या जागी.

त्यातलं एक पत्र ताईंनी आमच्या सोप्यात बसून वाचलं. मोडीत शब्द तुटत नाहीत. एका रेघेला सगळं लटकलेलं. ताई बोट ठेवून एकेक शब्द सोडवत होत्या. वर साल फसली कालगणनेतलं, १३२२, म्हणजे इसवी सन १९१२-१३. बोर्डिंगात शिकणाऱ्या आमच्या आजेसासऱ्यांनी गावी वडिलांना लिहिलेलं: पीठ संपत आलंय, घोंगडं पाठवा, परीक्षा जवळ आली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, हे आम्ही शाळेत पाठ केलेलं. त्यातला थंडीनं कुडकुडणारा एक पोरगा आमच्याच घरातला होता, हे तुमच्यामुळं समजलं. सासूबाईंनी घोंगड्याची ओळ परत वाचायला लावली.

आणि मूळ कागद तुम्ही परत आणून दिलेत, पाकिटात घालून, वर तपशील लिहून. घराबाहेर गेलेला जुना कागद परत येत नाही, या भीतीनं लोक ट्रंका उघडतच नाहीत. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हा विश्वास मिळवण्याचं आहे. आता शेजारचेही विचारायला लागलेत.

ब्रह्मपुरीच्या फेरीबद्दलही आभार. टेकडी रोज डोळ्यांपुढं, पण १९४५-४६ च्या उत्खननात तिथं सातवाहनकाळातली वस्ती सापडली आणि टाऊन हॉलच्या संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथलीच, हे गल्लीतल्या पोरांना तुम्ही सांगितलंत. पोरं लगेच मूर्ती बघून आली.

पत्राची नक्कल तुमच्या संग्रहात ठेवा. शाळांत वाचून दाखवायला आमची पूर्ण परवानगी आहे. धाकट्या लेकीला मोडीच्या वर्गाला यायचंय, पुढची तुकडी कधी ते कळवा. आणि दिवाळीतली बैठक आमच्या सोप्यातच घ्या, फराळ आमच्याकडं.

तुमची,
शुक्रवार पेठेतली वहिनी