साठीतल्या बाईला मऊ स्कीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साठीनंतरच्या व्यायामावरचा लेख वाचला. चालणं, प्राणायाम, पाण्यातले व्यायाम, सगळं पटलं. मात्र या वयात बायकांनी धाडसी खेळांचा नाद सोडावा, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं, ते काही घशाखाली उतरलं नाही. मला स्कीचा, म्हणजे पायात लांब पट्ट्या अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत उतरण्याचा, नाद १९८७ सालापासून आहे आणि आता ६५व्या वर्षी मी त्यासाठी नवी स्कीची जोडी घेतली. त्या खरेदीत जे पाहिलं ते लिहिते. पत्र लांबेल. कापायचं तर सुरुवातीचं कापा, मधलं नको.

मी मूळची साताऱ्याची. पुण्याच्या सीओईपीतून मेटलर्जी केली आणि १९८६ साली लग्न होऊन सॉल्ट लेक सिटीला आले. इथून पाऊण तासावर, लिटल कॉटनवुड दरीच्या टोकाशी आल्टा हे स्कीचं ठिकाण आहे. डोंगरावर नेणारी लिफ्ट १९३९ पासून चालू आहे आणि आजही तिथं फक्त स्की करणाऱ्यांना प्रवेश, एकाच फळीवर उभं राहणाऱ्या स्नोबोर्डवाल्यांना नाही. दुसऱ्या हिवाळ्यात नवऱ्यानं मला तिथल्या शाळेत दाखल केलं. नॉर्वेहून आलेल्या आल्फ एंगन या नामांकित स्कीपटूचं नाव त्या शाळेला आहे. आईनं विणलेला स्वेटर, माकडटोपी आणि भाड्याचे बूट अशा अवतारात मी उभी राहिले. पण अजिंक्यताऱ्यावरून धावत उतरताना अंग मागं टाकलं की माणूस आपटतो, हे शाळेत असतानाच कळलेलं होतं. इथं शिक्षक दिवसभर तेच ओरडत होता : पुढं वाका, पुढं! नवऱ्यानं चार वर्षांत नाद सोडला. मी सोडला नाही.

तेव्हाच्या स्की सरळ, फळीसारख्या आणि माणसाच्या डोक्यावर हातभर जाणाऱ्या. १९९३ मध्ये स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीनं एससीएक्स नावाची स्की काढली, दोन्ही टोकांना रुंद आणि मधे बारीक, डमरूसारखी. कडेवर कलली की ती आपोआप वळायची. पुढच्या काही वर्षांत सगळ्याच कंपन्या त्या वाटेनं गेल्या आणि स्की आखूड होत गेल्या. हे सांगायचं कारण, माझ्या वयाच्या बाईनं स्कीचे तीन-चार अवतार पायाखाली घातलेले असतात. दुकानातल्या पोराला तो हिशेब ठाऊक नसतो.

तर दुकान. नाव लिहीत नाही. माझी जुनी जोडी १७२ सेंटिमीटर लांब आणि मधे १०४ मिलिमीटर रुंद, दहा वर्षं वापरलेली. तिच्या पोलादी कडा आता घासायलाही उरल्या नव्हत्या. म्हटलं, सगळ्या डोंगरावर चालेल अशी एक जोडी हवी : सकाळी कडक बर्फावर, दुपारी मऊ झालेल्या उंचवट्यांवर आणि रात्री हातभर बर्फ पडला तर त्यातही. इथं तिला ऑल-माउंटन म्हणतात. पोरानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, गुडघ्याचं विचारलं (२०१९ मध्ये डाव्या गुडघ्यातल्या मेनिस्कसचं, म्हणजे कूर्चेच्या गादीचं, ऑपरेशन झालंय, मी खोटं कशाला बोलू) आणि आतून १५२ सेंटिमीटरची, पिसासारखी हलकी, जांभळ्या फुलांची जोडी आणली. म्हणाला, ही चुका सांभाळून घेते.

माझ्या चुका सांभाळायला मी समर्थ आहे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. पोरगा माझ्या मुलीपेक्षा लहान, आणि त्याला तसंच शिकवलेलं. बाई आणि वय एकत्र दिसलं की हलकं, मऊ, आखूड. माझा आक्षेप याच समीकरणाला आहे, कारण यातलं निम्मं बरोबर आहे आणि निम्मं नेमकं उलटं.

वयानं माझं काय काय गेलं, याची यादी मी त्या रात्री स्वयंपाकघरात बसून प्रामाणिकपणे केली. मांड्यांची ताकद कमी झाली. पाळी गेल्यानंतर स्नायू उतरतात, आठवड्यातून दोनदा वजनं उचलूनही ते पूर्ण थोपवता येत नाही. हाडांची घनता डेक्सा तपासणीत थोडी कमी आलीय. ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरं दिसतं, खड्डा पायाला लागतो तेव्हा कळतो. आणि दमले की दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही. काय राहिलं? तोल, वेळेचं भान, उतार वाचायची नजर आणि वेग. वेगाबद्दल मी बढाई मारत नाही. मला हळू जाणं अवघड जातं, इतकंच.

आता विचार करा. दुपारी दोन वाजता उतार चिरडलेला, ढेकळांचा, कुठं गोठलेला तर कुठं भिजलेला. हलकी मऊ स्की प्रत्येक ढेकळाला धडकून बाजूला जाते, टोक फडफडतं, आणि ते सावरायला मांड्या राबतात. स्कीनं करायचं काम पाय करतात. पंचविशीतल्या पोरीला ते जमतं, तिच्याकडे शिल्लक असते. माझी ताकद कमी झालीय म्हणून मला मऊ स्की द्यायची, ही कुठली रीत? ताकद कमी झालीय म्हणूनच मला ढेकळं कापत सरळ जाणारी, शांत स्की हवी.

लांबीचंही तसंच. आजच्या बहुतेक स्कीची टोकं वर उचललेली असतात, त्याला रॉकर म्हणतात. सपाट फरशीवर ठेवली तर मधला भाग कमानीसारखा आणि टोकं हवेत. म्हणजे १६५ची स्की कडक बर्फाला १६५ टेकतच नाही. माझी उंची १६३. मला १५२ दिली तर पायाखाली उरतं काय?

मात्र रुंदीबाबत पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला, हे कबूल करते. त्याची जोडी ८४ मिलिमीटर रुंद होती. माझी १०४ची जोडी ही पावडरच्या, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाच्या, हव्यासातून घेतलेली. युटात गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा इथला बर्फ जगात भारी असल्याची जाहिरात असते, त्याला भुलून आम्ही सगळे रुंद स्की घेतो आणि हंगामातले निम्म्याहून जास्त दिवस टणक बर्फावर घालवतो. टणक बर्फावर स्की कडेवर उभी करायची म्हणजे कड बुटाच्या मध्यापासून जितकी लांब, तितका गुडघ्यावर पीळ जास्त. तरफेचा नियम आहे, आठवीच्या पुस्तकातला. गेली तीन वर्षं संध्याकाळी डावा गुडघा का ठणकतो, हे मला मेटलर्जिस्ट असून दुकानात उभं राहिल्यावर उमगलं. नवरा त्यावर काही बोलला नाही. न बोलता बोलला.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे धातूकडे. बऱ्याच चांगल्या स्कींच्या लाकडी गाभ्यावर टायटॅनलचा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा असतो. नावावरून टायटॅनियम वाटेल, पण हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, त्यात जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं. ऑस्ट्रियातल्या रान्सहोफनची आमाग कंपनी तो बनवते, आणि विमानांच्या सांगाड्यांत जे मिश्रधातू वापरतात त्यांच्याच कुळातला हा. दुकानात सांगतात की धातू थरथर शोषून घेतो. नाही हो. घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ताटाला चमचा मारून बघा, किती वेळ घणघणतं ते. थरथर जिरवतात रबराचे थर आणि लाकूड, आणि वाढलेल्या वजनामुळे ती मुळात कमी होते. पत्र्याचं मुख्य काम पीळ रोखणं. कडेवर भार दिला की टोकाची कड उलगडून सटकू नये, हे तो बघतो. बायकांच्या कित्येक स्कींमधून पहिल्यांदा काढलं जातं ते नेमकं हेच.

पण दोन पत्र्यांची पुरुषी स्की घ्यावी, असंही माझं म्हणणं नाही. माझं वजन ५८ किलो. तितकी ताठ स्की वाकवायला वेग लागतो. तो सकाळी दहाला माझ्याकडे असतो, दुपारी तीनला नसतो.

शेवटी सरळ डेमो घेतला. इथं स्की दिवसाच्या भाड्यानं चालवून बघता येते आणि खरेदी केली तर बऱ्याच ठिकाणी भाडं किमतीतून वजा होतं. नवी जोडी सात-आठशे डॉलरला पडते, बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग वेगळं. साडी घेताना आपण दुकानात वीस घड्या मोडायला लावतो आणि ही आठशे डॉलरची वस्तू लोक जाहिरात बघून घेतात!

मार्चमधला एक दिवस, चार जोड्या. सकाळी यंत्रानं सपाट केलेल्या मॅम्बो नावाच्या उतारावर, मग बॉलरूम नावाच्या उघड्या पसाऱ्यात, आणि जेवणानंतर आडव्या वाटेनं हाय रस्लरला. तो उतार इतका उभा आहे की वरून खाली वाहनतळ बुटांच्या टोकांमधून दिसतो. पहिली जोडी दुकानातली फुलांची. मॅम्बोवर गोड, बॉलरूममध्ये टोकं पाखरासारखी. तिथूनच परत केली. दुसरी दोन पत्र्यांची, पुरुषांची. सकाळी मी चाळिशीची झाले होते, जेवणानंतर पंचाहत्तरीची. तिसरी एलानची रिपस्टिक. हिच्यात डावी आणि उजवी स्की वेगळी असते. आतल्या कडेला कमान जास्त, बाहेरच्या कडेला उचल जास्त. चपला उलट्या घालणाऱ्या माझ्यासारखीनं दोनदा तपासून पाय घातला. मऊ बर्फात ही इतकी लाडकी वाटली की मी जवळजवळ तिथंच थांबले.

चौथी नॉर्डिकाची सांता आना, ९३ मिलिमीटर, १६५ सेंटिमीटर. बायकांसाठीचीच मालिका, एकच पत्रा, आणि स्की जितकी रुंद तितका पत्रा कापून कमी केलेला, कारण रुंद स्की मऊ बर्फात जास्त चालते. हे वाचल्यावर मला त्या कारखान्यात कुणी तरी डोकं चालवणारं माणूस आहे याचा आनंद झाला. (त्यांच्याच पुरुषांच्या एन्फोर्सरमध्ये दोन पत्रे असतात.) हाय रस्लरला पहिल्या तीन वळणांत मी काहीच ऐकलं नाही, ना फडफड, ना खडखड. चौथ्या वळणाला लक्षात आलं की मी स्कीचा विचारच करत नाहीये. हीच घेतली. म्हणजे बायकांची स्की वाईट असते असं नाही. कुठली बाई डोळ्यांपुढं ठेवून केलीय, ते बघायचं.

अजून एक गोष्ट, आणि ही खरोखर धोक्याची. बाइंडिंग किती ताणाला सुटावं, हे वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, वय आणि तुम्ही कसे स्की करता, यावरून तक्त्यात बघून ठरवतात. पन्नाशी ओलांडली की तक्ता स्वतःच एक ओळ कमी करतो, ते योग्यच. प्रकार मात्र आपण सांगायचा असतो : एक म्हणजे सावध, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जोरकस. मी तीन लिहिले होते. कागद परत हातात आला तेव्हा तिनाचे दोन झाले होते, मला न विचारता. म्हणजे वय दोनदा मोजलं. बाइंडिंग सैल असलं तर उभ्या उतारावरच्या आडव्या वाटेत स्की नको तिथं निखळते, आणि खाली खडक असतात. कागद फाडून नवा भरायला लावला, सही करायच्या आधी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. पोरगा गोरामोरा झाला. मग त्याची आजीही स्की करायची, असं त्यानं सांगितलं. कुठली स्की वापरायची, विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण हल्ली गुलमर्गला जातात. तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, अफरवाट डोंगराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो आणि वर गेल्यावर दम लागतो तो वेगळाच. त्यांनी माझं ऐकून पहिल्याच दिवशी टायटॅनल मागू नये. शिकताना आखूड आणि मऊच हवी, वय काहीही असो. हे पत्र शिकून झालेल्या बायकांसाठी आहे, ज्यांना शिकाऊ समजून परत पहिल्या पायरीवर बसवतात.

जुनी १०४ची जोडी टाकलेली नाही, गॅरेजमध्ये टांगलीय. कडा नसल्या तरी गुडघाभर पावडरीत कडा लागतातच कुठं? नवरा म्हणतो, एका बाईला दोन जोड्या कशाला. त्याच्याकडे तीन गिटार आहेत.

आपली,
एक जुनी वाचक,
सॉल्ट लेक सिटी, युटा

(कृपया नाव छापू नये. कडा घासायला मला त्याच दुकानात जायचंय.)