खरखर पुसू नका : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आयुष्यभर मी अभियांत्रिकीच्या मुलांना दूरसंचार शिकवला आणि निवृत्तीनंतर मोडी वाचायला शिकलो. दोन्हीकडे माझी गाठ खरखरीशी पडली. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येते तीच ही खरखर. आमच्या विषयात तिला नॉइज म्हणतात. जुन्या कागदांचं डिजिटायझेशन करताना खरखर कशाला म्हणायचं आणि ते कोणी ठरवायचं, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मागे एका दफ्तरातल्या मोडी कागदांचे स्कॅन माझ्याकडे वाचायला आले. समास कापलेले होते. कागदांची पाठ कोरी समजून वगळली होती. सोबतच्या देवनागरी लिप्यंतरात मजकूर आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे 'नीट' करून टाकला होता. ज्यांनी हे केलं त्यांनी कष्ट घेतले होते, कागद स्वच्छ दिसावा अशीच त्यांची इच्छा होती. पण मला जे हवं होतं तेच नेमकं गेलं. लांबलचक पत्र कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लिहीत आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर मागून शिक्का मारीत. मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, पुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. पाठ गेली की जोडाची पडताळणी गेली. समास गेला की बाजूला कोणी बारीक अक्षरात केलेला शेरा गेला.

१९४८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. संदेश पाठवणारा, तो घेणारा, मधली वाहिनी आणि त्या वाहिनीत शिरणारी खरखर, असं त्यांचं चित्र होतं. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याच्या प्रश्नाचा संबंध नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. वाहिनीच्या क्षमतेच्या आत राहिलं, तर खरखर असूनही चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे त्यांनी सिद्ध केलं. त्यासाठी संदेशात विचारपूर्वक जादा मजकूर घालावा लागतो.

हा जादा मजकूर आपल्याला नवा नाही. वेदपाठशाळेतला घनपाठ घ्या : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. एखादा शब्द घसरला तर पुढच्याच आवर्तनात जीभ अडते. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा 'शके पंधराशे साहोत्तरी, तारणनाम संवत्सरी' असा काळ नोंदवला. आकडा आणि संवत्सर दोन्ही. पुढच्या नक्कलकाराने आकडा चुकवला असता तरी संवत्सराचं नाव त्याची चूक पकडून देतं. शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४, आणि हिशेब केला तर ते संवत्सर तारणच निघतं. मी स्वतः मांडून पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नाथ म्हणतात, ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, 'परी पाठांतरी शुद्धाबद्ध', म्हणजे पाठभेदांमुळे त्यात शुद्ध-अशुद्ध मिसळलं. वाहिनीत शिरलेली खरखर त्यांनी इतक्या आधी ओळखली होती. त्यांच्या उपकाराची परतफेड होणार नाही. तरीही अभ्यासकाची एक हळहळ राहतेच : त्यांनी कोणता शब्द बदलला आणि कोणता ठेवला, याची नोंद त्या प्रतीसोबत आपल्यापर्यंत आली नाही. म्हणून तर इतिहासाचार्य राजवाडे नाथपूर्व प्रतीचा शोध घेत राहिले आणि तशी वाटलेली एक प्रत त्यांनी १९०९ साली छापली. नाथांपाशी बोरू आणि कागद होता. आपल्यापाशी आज साठवणुकीची काय कमी आहे?

कारण एकाची खरखर हा दुसऱ्याचा पुरावा असतो. दोन प्रतींत एकच विचित्र चूक सापडली, तर त्या दोन्ही एकाच मुळावरून उतरल्या असाव्यात, असा माग लागतो. कारकुनाने 'ण'च्या जागी 'न' लिहिला असेल, तर त्याच्या कानावर कोणती बोली होती याचा सुगावा लागतो. त्याच बेल लॅब्जमधल्या पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४ साली अँटेनातली एक खरखर काही केल्या जाईना. त्यांनी आतली कबुतरांची घाणसुद्धा साफ केली. ती खरखर विश्वाच्या आरंभकाळातल्या प्रारणाची निघाली आणि १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी ती आकडेमोडीतून नुसती वजा केली असती तर?

मोडीत तर धोका दुप्पट. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. लिप्यंतर करणारा जागोजागी अंदाज करतो आणि तो अंदाज मूळ मजकूर म्हणून छापला जातो. आता हे काम संगणकाकडे जाईल. 'नीट' केलेल्या मजकुरावर शिकवलेला संगणक पुढचे लाखो कागदही तसेच नीट करील आणि कुठे अंदाज केला ते सांगणार नाही.

नमुना पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षं खपून, १,२५९ हस्तलिखितं पाहून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वर संपादकांनी निवडलेला पाठ, खाली पाठभेद, शेवटी परिशिष्टांत प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसलेला, मजकूर. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी नाकारलेला शब्दही जपला. उद्याच्या वाचकाला त्यांचा निवाडा तपासता येतो तो त्यामुळेच.

माझी मागणी साधी आहे. डिजिटायझेशनच्या निविदेत असं कलम घाला : कागदाच्या दोन्ही बाजू समासासकट स्कॅन व्हाव्यात, पाठ कोरी दिसली तरी. पहिलं लिप्यंतर अक्षरशः असावं, चुकांसह. जिथे अंदाज केला तिथे तशी खूण असावी. शुद्ध केलेली प्रत हवी तर जरूर करा, पण वेगळी. आणि मूळ स्कॅन कधीही पुसू नका. खर्च थोडा वाढेल हे मला मान्य आहे. पण ते कागद ठिसूळ झाले आहेत, ते पुन्हा पुन्हा उलगडता येणार नाहीत.

पुढची निविदा निघण्यापूर्वी अर्धा तास द्यावा. जोडशिक्का असलेल्या एका पत्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं घेऊन मी येईन.

आपला नम्र,
दूरसंचार विषयाचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे