आधी गोळी, मग सोनोग्राफी

लीड्स (इंग्लंड), रविवार रात्र

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

आज फोनवर मी ओरडले, चुकलं. पण बाबा, डॉक्टरांनी लिहून दिलेली स्टेरॉइडची गोळी सोनोग्राफीआधी घ्यायची नाही असा हट्ट धरून तुम्ही "आधी रिपोर्ट, मग गोळी" म्हणून फोन ठेवून दिलात, म्हणून हे लिहून पाठवतेय. आई, मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, तुम्ही टोपी घालायचं सोडलंय हे आईने सहज बोलता बोलता सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. १८९० साली लंडनच्या हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याबद्दल लिहून ठेवलंय, कानशिलावरच्या शिरा सुजून लाल झाल्या म्हणून त्याला हॅट घालवेना. हाच तो आजार, जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांना येणारी सूज. कंगवा लागला की ठणकणं, भाकरी चावताना जबडा भरून येऊन मध्येच थांबावं लागणं, सकाळी खांदे आखडणं, सगळं त्यातच बसतं. तुम्ही मात्र दाढेला दोष देत दोन आठवडे काढलेत.

खरी भीती डोक्याची नाही, डोळ्याची आहे. सूज डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गेली की नजर अचानक जाते, आणि गेलेली सहसा परत येत नाही. म्हणून डॉक्टरांनी नुसता संशय आल्यावर स्टेरॉइड लिहून दिलं, ते अगदी योग्य केलं.

गोळी घेतली तर सोनोग्राफीत काही दिसणार नाही, हे तुम्ही कुठेतरी ऐकलंय. अर्धं खरं आहे. चंद्राला खळं पडतं ना, तसं सुजलेल्या रक्तवाहिनीभोवती पडद्यावर काळं कडं दिसतं. बर्लिनच्या श्मिट नावाच्या डॉक्टरांनी १९९७ साली ते नीट मांडलं. प्रोब, म्हणजे अंगावरून फिरवतात ते सोनोग्राफीचं यंत्र, दाबला की निरोगी वाहिनी चपटी होऊन दिसेनाशी होते, सुजलेलीचं कडं मात्र तसंच राहतं. गोळ्या सुरू झाल्या की हे खळं थोड्या दिवसांत विरायला लागतं, पण एका रात्रीत नाही. म्हणून तपासणी लवकर, जमल्यास तीन दिवसांच्या आत करायची. गोळी थांबवायची नाही.

आई, तुला सोनोग्राफी म्हटलं की पोटच आठवतं, आणि दारावरची 'गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. ही कानशिलावर आणि काखेत करतात. जेल लावून, ना सुई ना किरणं. पण ती वाहिनी जेमतेम शेवईएवढी, त्यामुळे जास्त फ्रिक्वेन्सीचा, १५ मेगाहर्ट्झच्या वरचा प्रोब लागतो आणि हात सरावलेला लागतो. आमच्याकडे थंड देशांतल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना हा आजार जास्त होतो, दवाखान्यात मी सतत बघते. तिकडे तो विरळा, तेव्हा सोनोग्राफीला मिरजेला जाण्याआधी दादाला फोनवर विचारू दे, "टेम्पोरल आणि अ‍ॅक्झिलरी, म्हणजे कानशिलावरची आणि काखेतली, दोन्ही वाहिन्या बघता का?" जमलं तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडेच, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडेच जा.

कानशिलावरच्या वाहिनीचा तुकडा तपासायला काढावा लागेल (बायोप्सी) म्हणून तुम्ही घाबरलात. लागेलही, पण प्रत्येकाला नाही. आजार वाहिनीत ठिकठिकाणी असतो, मधला भाग चांगला असतो, त्यामुळे नेमका चांगलाच तुकडा हाती यायचा. २०१६ साली इथे ३८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार असलेल्यांपैकी सोनोग्राफीने ५४ टक्के पकडले, तुकड्याने ३९. उलट, आजार नसताना सोनोग्राफी कधी खोटी हाकाटी करते, तुकडा ते करत नाही. पण दोन्हींतून बरेच रुग्ण सुटतात, म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि तुमची लक्षणं मिळून डॉक्टर ठरवतील.

स्टेरॉइडने साखर वाढेल, हे मान्य. घरच्या मशीनवर रोज बघा आणि आकडे मला पाठवा. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर.

आई, बाबांनी ती गोळ्यांची पट्टी देवघराच्या खणात ठेवलीय ना, ती काढ. उद्या सकाळी पहिली गोळी पोटात गेली की फोटो टाक, मी इथे पहाटे जागी असेन. आणि एका डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर रात्र असली तरी दादाला उठवा, सकाळची वाट बघू नका.

तुमची,
सुमी