सोसायटीतल्या त्या सातवीतल्या पुस्तकवाल्या मुलीला, ए विंगमधल्या काकूकडून

प्रिय बाळा,

तुझं नाव मी इथे लिहीत नाहीये, तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली पत्र खुशाल लिही पण नाव नको, आणि ते बरोबरच आहे. आपल्या सोसायटीत सगळ्यांना कळेलच कोणाबद्दल आहे ते. संध्याकाळी पोडियमवर बाकीची पोरं बॅडमिंटन खेळत असताना कापडी पिशवीत पुस्तकं घेऊन बसणारी आणि लहान पोरांना "आधी सांग तुला काय आवडतं" असं विचारणारी मुलगी आख्ख्या घोडबंदर रोडवर मला तरी दुसरी माहीत नाही.

लिफ्टमध्ये भेटतेस तेव्हा थँक्यू म्हणते मी पण तेवढ्यात तुझा मजला येतो, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढूया.

माझा मुलगा चौथीत, इंग्लिश मीडियम. घरी मराठीच बोलतो, भांडतो पण मराठीत, पण वाचायचं म्हटलं की जोडाक्षर आलं रे आलं की गाडी थांबली. शाळेत मराठी आहे, 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्याच बोर्डांच्या शाळांना ते शिकवावं लागतं आणि ते मला मनापासून पटतं, पण धडा, प्रश्नोत्तरं, युनिट टेस्ट, झालं, पुस्तक बंद. घरात पुस्तकं नव्हती असं नाही, वाढदिवसाला येतात, आम्हीही हौसेने आणतो, छान कपाटात उभी होती सगळी. तो हात लावत नव्हता.

तू त्याला विचारलंस काय आवडतं, तो म्हणाला ट्रेन. बस, एवढंच. मी तिथेच बाकावर बसले होते म्हणून मला माहितेय, दुसरं कोणी असतं तर ट्रेनच्या चित्रांचं एखादं पुस्तक दिलं असतं. तू त्याला आधी विचारलंस की भारतातली पहिली पॅसेंजर ट्रेन कुठून कुठे गेली माहितेय का, आणि मग सांगितलंस की 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघाली आणि आपल्या ठाण्यात आली, आपल्या! तो बघतच राहिला. मग पिशवीतून 'तोत्तोचान' काढलंस आणि म्हणालीस, यातली शाळा ट्रेनच्या डब्यात भरते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणीच्या खऱ्या आठवणी आहेत या, जपानमधल्या, मराठीत अनुवाद आहे. तोमोए नावाची शाळा, वर्ग म्हणजे जुने रेल्वेचे डबे, आणि हेडमास्तर कोबायाशी, जे पहिल्याच दिवशी त्या छोट्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. मोठ्या माणसांना हे पुस्तक शिक्षण वगैरेसाठी आवडतं, बीएडवाले तर हमखास वाचतात. पण तू ते माझ्या पोराला डब्यांसाठी दिलंस! आणि पहिल्या पानापासून वाच असंही म्हणाली नाहीस, नवीन डबा येतो ते प्रकरण आधी वाच म्हणालीस, जिथे मुलं रात्री शाळेतच झोपतात कारण त्यांना बघायचं असतं की रूळ नसताना डबा शाळेत येणार कसा, आणि मग ट्रॅक्टर तो ओढत आणतो. तेवढं प्रकरण त्याने रात्री मला मोठ्याने वाचून दाखवलं, अडखळत, जोडाक्षरांवर थांबत थांबत, पण थांबून पुढे जात होता कारण त्याला डबा आत कसा आला ते कळायला हवं होतं. त्या डब्यात पुढे लायब्ररी होते हे कळल्यावर तर दुसऱ्या दिवशी शाळेची बस यायच्या आधी तुला गाठायला खाली पळाला.

अजून एक गोष्ट केलीस ती मला फार मोठी वाटते. त्याला आधीच सांगितलंस की यात तोत्तोचानचा एक मित्र मरतो आणि शेवटी युद्धात बॉम्ब पडून शाळा जळते, तुला रडू आलं तर मला येऊन सांग, मला पण आलं होतं. आम्ही मोठे हे करत नाही गं. आम्ही एकतर असं पुस्तक देतच नाही, नाहीतर देतो आणि गप्प बसतो. त्याला रडू आलं, त्याने तुला येऊन सांगितलं, तुम्ही दोघं क्लब हाऊसच्या पायरीवर किती वेळ बोलत होतात आणि मी मुद्दाम लांब थांबले.

तेव्हा मला कळलं की तुझं ऐकतात पोरं ते का. आम्ही पुस्तक देतो तेव्हा आम्हाला काहीतरी हवं असतं, मराठी सुधारावं, टॅब सुटावा, संस्कार व्हावेत, आणि पोरांना ते बरोब्बर कळतं. तुला फक्त एवढंच हवं असतं की तू वाचलेलं दुसऱ्या कोणीतरी वाचावं म्हणजे त्यावर बोलता येईल. यात काही शिकवणं नाही, आणि आवडलं नाही तर परत आण, दुसरं देते असं तू म्हणतेस ते खरंच म्हणतेस, तोंड पाडत नाहीस. बी विंगमधल्या एकाने तर सलग किती पुस्तकं न वाचता परत आणली, तू दर वेळी विचारत राहिलीस कुठे कंटाळा आला ते, आणि मग त्याला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' दिलास. दिवसभर सायकलवर असणारा मुलगा तो, त्याला फुरसुंगीचा सायकलवाला बनेश फेणे भेटला, आता त्या फेणेसारखंच ट्टॉक ट्टॉक करत फिरतो, वॉचमनकाका पण हसतात. आमच्या मजल्यावरची सीनियर केजीतली चिमुरडी, तिला माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर', ज्यात मजकूर थोडा आणि चित्रं पण त्यांनीच काढलेली, ती वाचता येत नसून पानं उलटत स्वतःच गोष्ट सांगते. दंगेखोरांना प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. कोणाला काय द्यायचं हे तुला कसं कळतं, मला खरंच आश्चर्य वाटतं.

आणि ज्यांच्या घरी पुस्तक विकत घेणं जमत नाही त्यांना 'किशोर'चं सांगितलंस तू, की बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला तू ते मोबाईलवर काढून दिलंस. हे सगळ्या पालकांनी आजच करून बघा, खरंच.

तुझ्या आजोबांचे पण आभार. ते तुला टीएमटीच्या बसने स्टेशनकडे मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन जातात, 1893 ची संस्था, आम्ही ठाण्यात इतकी वर्षं राहून तिथे मुलांना नेलं नव्हतं. गेल्या महिन्यात गेलो. माझा मुलगा आत गेल्या गेल्या हळू आवाजात विचारत होता की एवढी सगळी ताईने वाचलीत का.

आता मुद्द्याचं. तू म्हणाली होतीस की गणपतीत मंडपाशेजारी एक टेबल हवंय, वाचून झालेली पुस्तकं आणा आणि दुसरी घेऊन जा असं. मी कमिटीत बोलले, टेबल मिळालंय, पाचही दिवस, आरतीनंतर. मोठ्यांपैकी कोणीही पुस्तकं निवडून देणार नाही, ते काम तुझं, आणि तुझ्या हाताखाली माझा मुलगा, त्याने स्वतःच सांगितलंय. पुढच्या वर्षी तुझे आठवीचे क्लास सुरू होतील, वेळ मिळणार नाही म्हणून तुझी आई काळजीत आहे, तर पिशवी सांभाळायला आत्तापासून दोघंतिघं तयार कर.

आणि हो, 'फास्टर फेणे'चं पुढचं पुस्तक बी विंगमध्येच अडकलंय म्हणे, नंबर आमचा आहे, तेवढं बघ.

तुझी,
ए विंगमधली काकू